काफेक्लुबेन बेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीनलंडच्या उत्तर टोकाजवळच्या, जगातली सर्वांत उत्तरेची जमीन असलेल्या या निर्मनुष्य बेटाबद्दल आणि त्याच्या आसपास सापडलेल्या, नाव मिळालेल्या आणि पुढे नाहीशा झालेल्या बेटांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

हे बेट नेमके कुठे आहे?

ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्यालगत, केप मॉरिस जेसप या भूशिरापासून पूर्वेला सुमारे ३७ किलोमीटरवर. किनाऱ्याच्या या भागाला पिअरीलँड म्हणतात. बेटाचे उत्तर टोक साधारण ८३° ४०′ उत्तर अक्षांशावर आणि २९° ५०′ पश्चिम रेखांशाच्या आसपास येते. टोक नेमके ८३° ४०′ च्या रेषेवर नाही, त्या रेषेच्या जेमतेम काही सेकंद दक्षिणेला आहे.

इथून उत्तर ध्रुवापर्यंत जमीन नाही. फक्त आर्क्टिक महासागर आणि त्यावरचा बर्फ आहे.

उत्तर ध्रुव इथून किती लांब आहे? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

स्वतः हिशेब करून पाहावा, दोन ओळींचे काम आहे. ९०° मधून ८३° ३९′ ४८″ वजा केले की ६° २०′ १२″ उरतात, म्हणजे ६.३३७ अंश. ध्रुवाजवळ अक्षांशाचा एक अंश १११.७ किलोमीटरचा असतो. गुणाकार ७०८ किलोमीटरच्या आसपास येतो.

काही ठिकाणी ७१३ किलोमीटर छापलेले आढळते. वर दिलेल्या अंश-मिनिटांशी तो आकडा जुळत नाही. ७०५ लिहिणाऱ्यांची चूक बहुधा अंशाच्या लांबीत असते: पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळे अंशाची लांबी सगळीकडे सारखी नसते. पुण्याच्या अक्षांशावर ती ११०.७ किलोमीटर आहे, ध्रुवापाशी जवळपास एक किलोमीटरने जास्त. ६.३ अंशांत एवढ्याने सहा-सात किलोमीटरचा फरक पडतो. पृथ्वीभरची सरासरी लांबी (१११.२ किलोमीटर) धरली तर तीनेक किलोमीटरचा, आणि ७०५ त्यातूनच येतो.

बेट केवढे आहे? त्यावर काय आहे?

लांबी सुमारे एक किलोमीटर, सर्वांत रुंद जागी रुंदी ३०० मीटर आणि उंची समुद्रसपाटीपासून अंदाजे ३० मीटर. त्यावर हिमनदी नाही. बर्फ वितळतो तेव्हा उघडे दगडगोटे, खडी आणि माती दिसते. पिअरीलँड हा ध्रुवीय वाळवंटाचा प्रदेश असल्यामुळे इथे हिमवर्षावही कमीच होतो.

शेवाळी आणि दगडफूल इथे आहेतच. शिवाय फुलणाऱ्या दोन वनस्पतींची नोंद आहे : जांभळ्या फुलांची सॅक्सिफ्राज आणि पिवळी आर्क्टिक खसखस. जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतींची जगातली उत्तर सीमा म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ याच बेटाकडे पाहतात. म्हणून इथे जाणाऱ्या मोजक्या लोकांनी पाय कुठे ठेवतो हे पाहून चालावे. एक खसखशीचे झुडूप इथे मोठे व्हायला बरीच वर्षे घेते.

तिथे कुणी राहते का? पूर्वी कुणी राहत होते का?

बेटावर नाही. सर्वांत जवळचे मुक्काम म्हणजे आग्नेयेला सुमारे ३०० किलोमीटरवरचे डेन्मार्कचे स्टेशन नोर्ड आणि पश्चिमेला कॅनडाच्या एल्समिअर बेटावरचे अलर्ट, सुमारे ४५० किलोमीटर. दोन्ही लष्करी आणि शास्त्रीय कामाची ठाणी आहेत, गावे नव्हेत. केप मॉरिस जेसपला डॅनिश हवामान संस्थेचे स्वयंचलित केंद्र आहे, पण तिथेही माणूस नसतो.

पिअरीलँडमध्ये मात्र माणूस फार पूर्वी पोहोचला होता. इंडिपेंडन्स फिओर्डच्या (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या) परिसरात चार हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या चुली आणि राहुट्यांच्या खुणा सापडल्या आहेत. त्या संस्कृतीला याच फिओर्डचे नाव दिले गेले. एगिल क्नुथ या डॅनिश संशोधकाने १९४९ मध्ये पिअरीलँडच्या किनाऱ्यावर कातडी होडीचा, म्हणजे उमिआकचा, सांगाडा शोधला. ती पुढच्या काळातली, आजच्या इनुइटांच्या पूर्वजांच्या थूले संस्कृतीतली. तेव्हा 'इथे माणूस कधी आलाच नव्हता' असे या किनाऱ्याबद्दल लिहू नये.

बेट कुणी शोधले?

'शोधले', 'पाय ठेवला' आणि 'मोजले' ही तीन वेगळी कामे आहेत. इथे ती तीन वेगळ्या वेळी झाली, आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच येतो.

१९०० साली अमेरिकन संशोधक रॉबर्ट पिअरी या किनाऱ्याने कुत्र्यांच्या घसरगाडीवरून पूर्वेला गेला, तेव्हा त्याला हे बेट दिसले. तो त्यावर गेला नाही.

१९२१ मध्ये डॅनिश भूशास्त्रज्ञ लाउगे कॉख त्यावर उतरला. हान्स एगेडे हा धर्मप्रसारक ग्रीनलंडला आला त्याला १७२१ पासून दोनशे वर्षे पूर्ण झाली होती. त्या निमित्ताने निघालेल्या मोहिमेत कॉख ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा करत होता.

१९६९ मध्ये कॅनडाच्या एका पथकाने मोजणी केली आणि बेटाचे उत्तर टोक केप मॉरिस जेसपपेक्षा सुमारे ७५० मीटर उत्तरेला भरते असे दाखवले. तोपर्यंत जगातल्या सर्वांत उत्तरेच्या जमिनीचा मान केप मॉरिस जेसपकडे होता. बेट दिसल्यापासून त्याचे महत्त्व कळेपर्यंत ६९ वर्षे गेली.

'कॉफी क्लब' हे नाव कुठून आले?

कोपनहेगनच्या खनिजशास्त्र संग्रहालयातल्या मंडळींचा कॉफीचा एक अड्डा होता. कॉखने त्याचेच नाव बेटाला दिले. डॅनिशमध्ये 'काफेक्लुबेन' म्हणजे 'तो कॉफी क्लब', आणि पुढचे एकाक्षरी 'ओ' म्हणजे बेट. ओठ गोल करून 'ए' म्हणावे तसा त्याचा उच्चार होतो.

त्या काळी असे नामकरण सर्रास चाले. मोहिमेला पैसे देणारे, संस्थेतले सहकारी, राजघराणे, जहाज अशी नावे नकाशावर जात. शेजारचे केप मॉरिस जेसप हे पिअरीच्या मोहिमांमागे उभ्या राहिलेल्या न्यूयॉर्कच्या सावकाराचे नाव आहे. मॉरिस जेसप अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा आणि पिअरी आर्क्टिक क्लबचाही अध्यक्ष होता. त्या मानाने कॉखने दिलेले नाव साधे आहे. कुणाचे उपकार फेडण्यासाठी ते ठेवलेले नाही.

ग्रीनलंडच्या भाषेत याला काय म्हणतात?

इनुइट केकरताट. 'केकरताक' म्हणजे बेट, त्यामुळे अर्थ साधारण 'माणसांचे बेट' किंवा 'इनुइट लोकांचे (आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांचे) बेट' असा होतो. यातला 'क' घशात खोल उच्चारला जातो, त्यासाठी देवनागरीत वेगळे अक्षर नाही.

२००९ च्या स्वशासन कायद्याने कलाल्लिसुत ही ग्रीनलंडची अधिकृत भाषा झाली. नावांचे काम नूक इथल्या भाषा सचिवालयाकडे, ओकासिलेरिफ्फिककडे आहे. दक्षिण आणि पश्चिम ग्रीनलंडमध्ये वस्ती असल्यामुळे स्थानिक नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. उत्तरेच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर मात्र डॅनिश, इंग्रजी आणि नॉर्वेजियन नावांची गर्दी आहे, कारण ती नकाशे करणाऱ्यांनी दिली.

मराठीत कसे लिहावे?

'काफेक्लुबेन बेट' असे लिहावे आणि पहिल्या उल्लेखात एकदा 'इनुइट केकरताट' हेही द्यावे. 'कॉफी क्लब बेट' वाचायला सोपे आहे, पण विशेषनामाचे भाषांतर केले की दुसऱ्या नकाशात ते सापडत नाही. 'काफेक्लुबेन ओ बेट' लिहू नये, त्यात बेट दोनदा येते.

याच्याही उत्तरेला ऊदाक नावाचे बेट आहे ना?

नाही. होते, असेही म्हणता येत नाही. पण हा प्रश्न रास्त आहे, कारण चाळीसहून अधिक वर्षे पुस्तकांत तसेच छापले गेले.

१९७८ च्या जुलैत उफे पीटरसन यांच्या नेतृत्वाखालचे डॅनिश मोजणी पथक काफेक्लुबेनवर काम करत होते. त्यांना उत्तरेला बर्फात एक काळसर ठिपका दिसला. जाऊन पाहिले तर खडी-मातीचा १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि जेमतेम मीटरभर उंच ढिगारा, काफेक्लुबेनपासून १,३६० मीटर उत्तरेला. त्याला ऊदाकचे नाव दिले. १९०९ मध्ये पिअरी आणि त्याचा सहकारी मॅथ्यू हेन्सन यांच्यासोबत ध्रुवाकडच्या शेवटच्या टप्प्यात जे चार इनुइट होते, त्यांपैकी तो एक. पाश्चात्त्य संशोधकांच्या नावांनी भरलेल्या या किनाऱ्यावर वाट काढणाऱ्या माणसाचे नाव यावे, हा विचार योग्यच होता. दुर्दैव एवढेच की ज्याला ते दिले ते टिकले नाही. पुढच्या मोहिमांना त्या जागी काही सापडले नाही.

त्यानंतर रांगच लागली. १९९६ मध्ये एका अमेरिकन मोहिमेला आणखी एक तुकडा मिळाला, त्याला मोहिमेच्या आद्याक्षरांवरून एटीओडब्ल्यू-१९९६ म्हटले गेले. २००३ मध्ये डेनिस श्मिट यांच्या तुकडीला ३५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच ढिगारा मिळाला. त्यावर दगडफूलही होते. त्याचे नाव त्याच्या अक्षांशावरून '८३-४२' असे पडले. २००७ मध्ये आणखी एकाची भर पडली.

२०२१ च्या जुलैत कोपनहेगन विद्यापीठाचे मॉर्टन राश आणि सहकारी ऊदाकवर उतरलो असे समजून एका ढिगाऱ्यावर उतरले. नंतर जागा जुळवली तेव्हा ते ऊदाकच्या नोंदलेल्या स्थानापासून सुमारे ७८० मीटर दूर होते. हा ढिगारा ३० मीटर रुंद, ६० मीटर लांब आणि समुद्रावर तीन-चार मीटर उंच होता. त्यासाठी केकरताक अवान्नार्लेक, म्हणजे 'सर्वांत उत्तरेचे बेट', हे नाव सुचवले गेले. जगभर बातमी झाली.

मग ती बेटे नव्हती हे कसे ठरले?

२०२२ च्या उन्हाळ्याअखेर डॅनिश आणि स्विस संशोधकांची मोहीम पुन्हा तिथे गेली. त्यात राश स्वतः होते आणि डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचे मोजणीतज्ज्ञही होते. नोंदलेल्या प्रत्येक जागेजवळ त्यांनी समुद्राची खोली मोजली, हवेतून लेझरने उंची घेतली आणि गुरुत्वाकर्षणाची मोजणी केली. जिथे बेटे असायला हवी होती तिथे पाण्याची खोली साधारण २५ ते ४५ मीटर निघाली. निष्कर्ष असा : ही सगळी 'बेटे' म्हणजे माथ्यावर खडी-माती घेऊन तळाला टेकलेले सपाट हिमनग.

वर्षभर आधी गाजलेला शोध त्याच शास्त्रज्ञाने पुन्हा जाऊन तपासला आणि मागे घेतला. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आमच्या मते हीच आहे.

हिमनगावर माती आणि गोटे येतात कुठून?

हिमनदी डोंगरउतारावरून येताना दगडमाती सोबत घेते. काही वरून कोसळते, काही तळाशी गोठून बर्फात अडकते. नदीचे टोक समुद्रात तुटले की तो माल हिमनगासोबत निघतो. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, पाणी वाहून जाते आणि खडी मागे राहते. थर पुरेसा जाड झाला की तो खालच्या बर्फाला उन्हापासून जपतो. मग वरून पाहणाऱ्याला बर्फ दिसतच नाही.

दुसरे कारण समुद्राचे. या भागात बहुवर्षीय सागरी बर्फ किनाऱ्याला चिकटून असतो. तळाला टेकलेला हिमनग त्यात जखडला की वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो. मोकळा समुद्र झाला किंवा हिमनग पातळ होऊन तळापासून सुटला, की तो निघून जातो.

आकड्यांनीही हे पटते. हिमनदीच्या बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १,०२७. त्यामुळे तरंगणाऱ्या हिमनगाचा साधारण पावणेअकरा टक्के भाग वर असतो आणि त्याच्या आठपटींहून थोडा जास्त पाण्याखाली. वर ३ मीटर दिसत असेल तर खाली २५ मीटर. वर ४ मीटर असेल तर खाली ३३ मीटर. खडीचे वजन धरले तर थोडे अधिक. आता मोजलेली खोली पाहा : २५ ते ४५ मीटर. तीन-चार मीटर उंचीचे हे ढिगारे तिच्या उथळ भागात तळाला टेकतील.

दगडफूल उगवले म्हणजे बेट जुने असणार, हा युक्तिवाद चुकीचा का?

दगडफूल दगडावर वाढते. दगड किनाऱ्यावरून हिमनदीवर किंवा हिमनगावर आला असेल, तर दगडफूलही त्याच्यासोबत आले असू शकते. दगड बराच काळ उघड्यावर आहे एवढेच ते सांगते, दगड आज ज्यावर आहे त्याबद्दल नाही.

खडीचा ढिगारा बेट आहे की हिमनग, हे जागेवर कसे तपासतात?

क्रम महत्त्वाचा आहे, कारण तिथे मिळणारा वेळ तासांत मोजायचा असतो आणि हेलिकॉप्टर किंवा विमान हवामान बिघडण्याआधी उडावेच लागते.

पहिले काम खोलीचे. ढिगाऱ्याच्या चारही बाजूंना, कडेपासून ठरावीक अंतरांवर (दहा, पन्नास, शंभर मीटर असे) सागरी बर्फात भोके पाडायची आणि वजन बांधलेली दोरी किंवा ध्वनिमापक सोडायचा. खऱ्या बेटाचा तळ कडेकडे चढत येतो. हिमनगाशेजारी खोली कडेपर्यंत तशीच राहते. एकाच बाजूला मोजून थांबू नये : तळावरच्या उंचवट्यावर टेकलेला हिमनग एका बाजूने बेटासारखाच वाटतो.

दुसरे, खणणे. खडी बाजूला केली आणि अर्ध्या-एक मीटरवर स्वच्छ, सलग बर्फ लागला तर शंका घ्यावी. इथे घाई नको, कारण कायम गोठलेल्या जमिनीतही बर्फ असतो. फरक असा की गोठलेल्या जमिनीत बर्फाने खडी एकमेकींना धरून ठेवलेली असते, तर हिमनगात खडीचा थर संपतो आणि खाली नुसता बर्फ उरतो.

तिसरे, स्थान. मोठ्या गोट्यावर खूण करून दोन वारंवारितांच्या जीपीएस यंत्राने निदान काही तास नोंद घ्यायची आणि निघताना पुन्हा. खूण वर-खाली किंवा बाजूला हलत असेल तर प्रश्न मिटला. हलली नाही तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण टेकलेला हिमनगही हलत नाही.

चौथे, गुरुत्वाकर्षण. खडक बर्फापेक्षा जवळपास तिप्पट जड असतो, त्यामुळे खाली खडकाचा उंचवटा आहे की बर्फाची लादी, याचा फरक मोजमापात उतरतो.

पाचवे, पुढच्या वर्षी परत जाणे. सर्वांत खर्चिक पायरी हीच आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाणारीही हीच. ऊदाकपासून पुढची प्रत्येक घोषणा तिसऱ्या पायरीवर, स्थान नोंदवून, थांबली होती. पहिली पायरी कुणी केली असती तर १९७८ मध्येच उत्तर मिळाले असते.

नाव आधी आणि खात्री नंतर, असे याआधीही झाले आहे का?

झाले आहे, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. ग्रीनलंडच्या उत्तरेचा भाग हे वेगळे बेट असून मध्ये एक सामुद्रधुनी आहे, असा पिअरीचा समज झाला. नकाशावर 'पिअरी चॅनल' आले. १९०६ ते १९०८ च्या डॅनिश मोहिमेतले मुलिउस-एरिक्सन, हॉएग हागेन आणि युर्गेन ब्रोनलुंड हे तिघे उत्तरेच्या किनाऱ्यावर गेले आणि १९०७ च्या नोव्हेंबरात परतीच्या वाटेवर उपासमारीने आणि थंडीने मेले. चुकीच्या नकाशाने वाढवलेले अंतर हे त्यामागचे एक कारण मानले जाते. सामुद्रधुनी नाही, ही त्यांनी लिहून ठेवलेली नोंद पुढे एयनार मिकेल्सन यांना सापडली. १९१२ मध्ये क्नुड रासमुसेन यांच्या मोहिमेने ते पक्के केले.

१९०६ मध्ये पिअरीनेच एल्समिअरच्या वायव्येला 'क्रॉकर लँड' पाहिल्याचे सांगितले. १९१३ मध्ये त्यासाठी वेगळी मोहीम निघाली. तिला जमीन नव्हे, मृगजळ सापडले. थंड बर्फावर उबदार हवेचा थर बसला की प्रकाश वाकतो आणि क्षितिजावरचा बर्फ डोंगरासारखा उचललेला दिसतो. या किनाऱ्यावर तीस-चाळीस किलोमीटरवरून पाहिलेल्या कुठल्याही जमिनीबद्दल म्हणूनच सावध असावे.

समुद्री कायद्यात बेट कशाला म्हणतात?

संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारातील १२१ वे कलम : नैसर्गिकरीत्या तयार झालेली, चारी बाजूंनी पाणी असलेली आणि भरतीच्या वेळीही पाण्याबाहेर राहणारी जमीन. हिमनग नैसर्गिक असतो, पाण्याने वेढलेला असतो, भरतीतही वर असतो. पण ती जमीन नाही. त्याच कलमाच्या तिसऱ्या भागानुसार, ज्यावर मनुष्यवस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन टिकू शकत नाही अशा खडकाला अनन्य आर्थिक क्षेत्र (भोवतीच्या समुद्रातल्या साधनसंपत्तीवरचा खास हक्क) मिळत नाही.

मालकीवरून वाद आहे का? व्हिस्कीची बाटली ठेवत होते ते हेच बेट?

नाही, ते हान्स बेट. तिथे कॅनडा आणि डेन्मार्कचे लोक आपला दावा सांगायला आळीपाळीने झेंडा आणि मद्याची बाटली ठेवून जात. दोघांची सरमिसळ फार होते. हान्स बेट, स्थानिक नाव तार्तुपालुक, ८०° ४९′ उत्तरेवर कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात आहे. क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस किलोमीटर, म्हणजे काफेक्लुबेनपेक्षा मोठे. ग्रीनलंडचा वाटाड्या हान्स हेंड्रिक याचे नाव त्याला आहे. १४ जून २०२२ रोजी डेन्मार्क आणि कॅनडाने ते करार करून वाटून घेतले.

काफेक्लुबेनवर कुणाचा दुसरा दावा नाही. ते डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडचे आहे आणि ईशान्य ग्रीनलंड राष्ट्रीय उद्यानात मोडते. १९७४ मध्ये स्थापन झालेले आणि १९८८ मध्ये वाढवलेले हे उद्यान ९,७२,००० चौरस किलोमीटरचे आहे, महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठे. ते कुठल्याही नगरपालिकेत येत नाही.

नकाशात हे बेट शोधताना अडचण का येते?

फोनवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपाच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर दाखवण्याच्या एका पद्धतीच्या) एका प्रकारावर चालतात. तो ८५.०५° वर संपतो, म्हणजे बेट जवळजवळ वरच्या काठाला येते. तिथे लांबी विषुववृत्ताच्या तुलनेत नऊपट ताणलेली असते. एकाच झूमवर पुणे आणि काफेक्लुबेन पाहिले तर बेट पुण्यातल्या तेवढ्याच जागेच्या साडेआठपट लांब दिसेल. पडद्यावरून अंतर कधीही काढू नये. मोजपट्टीचे साधन वापरावे किंवा ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपातला नकाशा उघडावा. मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ईपीएसजी ३४१३ हा संकेतांक दिला की तो मिळतो.

स्थान टंकताना दोन चुका वारंवार होतात. रेखांश पश्चिम आहे, म्हणून दशांशात लिहिताना उणे चिन्ह लागते : −२९.८३. ते राहिले तर खूण ग्रीनलंड सोडून स्वालबार्डच्या उत्तरेच्या समुद्रात पडते. दुसरी चूक मिनिटांना दशांश समजण्याची. ८३° ४०′ म्हणजे ८३.६६७, ८३.४० लिहिले तर तुम्ही सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, मुख्य भूमीच्या डोंगरात असाल.

लक्षात ठेवण्याजोगे : या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश फक्त १२.३ किलोमीटरचा असतो, पुण्यात तो साडेएकशेपाच किलोमीटर आहे. त्यामुळे इथे रेखांशातली एका मिनिटाची चूक २०५ मीटरची, पण अक्षांशातली तेवढीच चूक १,८६० मीटरची. १,३६० मीटरने 'विक्रम' ठरत होता, त्या प्रदेशातली ही गोष्ट आहे.

लँडसॅट उपग्रहांच्या नेहमीच्या चित्रांची उत्तर सीमा ८२.७° च्या आसपास आहे. त्यात हे बेट शोधत बसू नये.

होकायंत्र, जीपीएस, फोन यांपैकी तिथे काय चालते?

होकायंत्रावर विसंबू नये. उत्तर चुंबकीय ध्रुव गेल्या काही वर्षांत भौगोलिक ध्रुवाच्या सैबेरियाकडच्या बाजूला ८६° उत्तरेच्या आसपास आहे. त्याच्या इतक्या जवळ चुंबकीय बल जवळजवळ सरळ खाली खेचते, सुई आडवी फिरायला जोर उरत नाही.

जीपीएस चालते. पण त्याचे उपग्रह विषुववृत्ताशी ५५° कललेल्या कक्षांत फिरतात, त्यामुळे इथे ते डोक्यावर येत नाहीत आणि उंचीचा आकडा आडव्या स्थानापेक्षा ढिला येतो. रशियाच्या ग्लोनासच्या कक्षा जास्त कललेल्या आहेत, दोन्ही यंत्रणा एकत्र घेतल्या तर बरे. उंचीत आणखी एक खोच आहे : यंत्र मुळात संदर्भ-लंबगोलावरची (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती नमुन्यावरची) उंची काढते, समुद्रसपाटीवरची नव्हे. दोहोंत कित्येक मीटरांचा फरक असतो. ३० मीटरच्या बेटाला आणि ४ मीटरच्या ढिगाऱ्याला ती दुरुस्ती सोडून चालत नाही.

भूस्थिर उपग्रहांवरचे फोन आणि डेटा ८१.३° च्या वर क्षितिजाखाली जातात. ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षांतल्या इरिडियमसारख्या यंत्रणा चालतात.

दिवस-रात्र कशी असते?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उगवत नाही. २१ जूनला दुपारी तो क्षितिजावर ३०° च्या जरा खाली असतो आणि मध्यरात्री १७° वर. म्हणजे दिवसभरात फक्त तेरा अंशांची चढउतार. सावली लांबीला फारशी बदलत नाही, नुसती भोवती फिरते.

तिथे जाता येते का?

उद्यानात शिरायला ग्रीनलंड सरकारचा परवाना लागतो आणि शोध-बचावाचा विमाही. नेहमीची जहाजे बहुवर्षीय बर्फामुळे पोहोचत नाहीत. ट्विन ऑटरसारखे छोटे विमान किंवा हेलिकॉप्टर लागते, आणि त्यांचे इंधन आधी पोहोचवून ठेवावे लागते. ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणाची तयारी सक्तीची समजावी. पर्यटन म्हणून जाण्याची ही जागा नाही.

भारताचे तिथे काही काम आहे का?

या बेटावर नाही. भारताचे आर्क्टिक केंद्र 'हिमाद्री' स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंडला २००८ पासून आहे, ७८° ५५′ उत्तरेवर. तिथून हे बेट सुमारे ८५० किलोमीटर पडते. त्या केंद्राची व्यवस्था गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून होते. आर्क्टिक कामात उतरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथल्या जाहिरातींपासून करावी.

बर्फ कमी होतोय, तर बेटाचे काय होईल?

ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तरेला आर्क्टिकमधला सर्वांत जुना आणि जाड बर्फ साठतो, कारण वारे आणि प्रवाह तो इकडे ढकलतात. तरीही २०१८ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर मोकळे पाणी दिसले. त्या फेब्रुवारीत, सूर्य उगवलेला नसताना, केप मॉरिस जेसपला तापमान शून्याच्या वर गेले होते. बेट ३० मीटर उंच असल्यामुळे ते बुडण्याचा प्रश्न नजीकचा नाही. बर्फाची ढाल गेली तर लाटा कडेची खडी खाऊ लागतील, आणि उत्तर टोकाचा अक्षांश पुन्हा मोजावा लागेल. टेकलेले हिमनग मात्र लवकर सुटतील.

स्पर्धा परीक्षेत 'जगातील सर्वांत उत्तरेकडील जमीन' विचारले तर काय लिहावे?

प्रश्नातला शब्द नीट वाचा. 'सर्वांत उत्तरेकडील जमीन' किंवा 'बेट' असेल तर काफेक्लुबेन. 'ग्रीनलंडच्या मुख्य भूमीचे टोक' असेल तर केप मॉरिस जेसप. 'कॅनडाचे टोक' म्हणजे एल्समिअर बेटावरचे केप कोलंबिया. 'आशियाच्या मुख्य भूमीचे टोक' म्हणजे रशियातले केप चेल्युस्किन, ७७° ४३′. 'कायम माणसे असलेले ठाणे' असेल तर अलर्ट. पर्यायांत ऊदाक दिसले तर प्रश्न जुन्या पुस्तकातून उचलला आहे असे समजा. काफेक्लुबेनही पर्यायांत असेल तर तेच निवडा. उत्तरतालिकेत ऊदाक आले तर हरकत नोंदवा आणि २०२२ च्या मोजणीचा हवाला द्या.